अमेरिकन कॉलेजच्या सीरियल लिहिणाऱ्यांनो, एकदा त्या घराचं दार दाखवा

लॉस एंजेलिस, न्यूयॉर्क आणि जिथे कुठे तुमच्या त्या रायटर्स रूम असतील तिथल्या समस्त लेखक, प्रोड्युसर, शोरनर मंडळींना,

सप्रेम नमस्कार विनंती विशेष.

पत्र मराठीत लिहितोय. तुम्हाला कळणार नाही हे माहितीये, पण तुमच्या सीरियल आमच्याकडे येतात तेव्हा तुम्ही तरी कुठे विचारता आम्हाला काय कळलं आणि काय नाही. शिवाय भांडायचं असलं की मला मराठीच सुचतं, इंग्रजीत मी उगाच सॉरी सॉरी म्हणत बसतो.

तर विषय आहे फ्रॅट. म्हणजे ती कॉलेजमधल्या पोरांची ग्रीक अक्षरांच्या नावाची मंडळं, मुलांची फ्रॅटर्निटी आणि मुलींची सोरोरिटी, कॅम्पसच्या कडेला पांढऱ्या खांबांचे बंगले, एकेका घरात चाळीस-पन्नास पोरं, आणि आत शिरायचं तर आधी 'रश', म्हणजे घराघरांत जाऊन ओळखी करायच्या, मग 'बिड', म्हणजे त्यांचं बोलावणं, मग काही आठवडे 'प्लेज' म्हणून पडेल ते काम करायचं आणि मग एकदाचे तुम्ही 'ब्रदर'. तुम्ही लोक ते जवळजवळ पन्नास वर्षं टीव्हीवर दाखवताय.

गेल्या आठवड्यात सकाळी साडेसहाला ताईचा फोन आला. ती न्यूजर्सीत, एडिसनला, म्हणजे तिच्याकडे रात्रीचे नऊ. भाचा या ऑगस्टमध्ये कॉलेजला चाललाय आणि जेवताना पानावर बसून सहज म्हणाला की मी रश करणार आहे. ताई मला विचारत होती, "रश म्हणजे गर्दी ना रे? मग एवढी फी भरून हा गर्दी करायला चाललाय का?" मी समजावून सांगितलं, तर म्हणाली थांब, मीच बघते. आणि ही बाई अशी की लाँग वीकेंडला तीन दिवस सोफ्यावर बसून तुमचं जे जे सापडलं ते सगळं बघून काढलं तिने. भाजी फोडणीला टाकायची आणि पॉज करायचं.

मंगळवारी परत फोन. "अरे, एकात सगळी पोरं गोड आहेत, भांडतात, मिठ्या मारतात, एकमेकांच्या मैत्रिणी पळवतात पण मनानं चांगली आहेत. आणि दुसऱ्यात तो लाल सैतानाचा मुखवटा घालून एक जण धडाधड मुली मारत सुटलाय. मग ह्यातलं खरं कुठलं?"

आता मी तिला काय सांगू? पहिली सीरियल म्हणजे 'ग्रीक', २००७ ते २०११, आणि दुसरी 'स्क्रीम क्वीन्स', २०१५ ची. दोन्ही तुमचीच पोरं. म्हणून म्हटलं विचारावं तुम्हालाच.

माझी तक्रार अशी नाहीये की तुम्ही फ्रॅटला बदनाम करता. त्याउलटही नाही. फ्रॅटवाले स्वतः म्हणतात की टीव्हीमुळे आमचं नाव खराब होतं, लोक आमचं दानधर्माचं काम बघत नाहीत, आम्ही शनिवारी सकाळी पॅनकेक विकून संस्थेला पैसे देतो ते कुणी दाखवत नाही. असेल, देत असतील. मला त्याच्याशी घेणं नाही. माझी तक्रार साधी आहे, तुम्ही आतली पार्टी दाखवता पण दार दाखवत नाही. दारावर कोण उभं असतं, कुणाला आत सोडतात, कुणाला नाही, आणि रात्री तीन वाजता ते दार उघडायला सगळे का घाबरतात. सगळी गोष्ट तिथे आहे हो, आणि तुमचा कॅमेरा दरवेळी दार ओलांडून सरळ आत.

हे मुळात सुरू झालं एका सिनेमापासून, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती. 'ॲनिमल हाउस', १९७८, आणि त्यातली गोष्ट १९६२ ची. चादरी गुंडाळून पार्टी, जेवणाच्या हॉलमध्ये अन्नाची फेकाफेकी, खडूस डीन. शूटिंग ऑरेगनच्या विद्यापीठात झालं आणि त्या खडूस डीनचं ऑफिस म्हणून तिथल्या खऱ्या प्रेसिडेंटचंच ऑफिस वापरलं, हे मला फार आवडतं. सिनेमा इतका चालला की १९७९ मध्ये तिन्ही मोठ्या चॅनेलनी एकदम आपापली कॉपी काढली. एबीसीची 'डेल्टा हाउस', सीबीएसची 'को-एड फीवर', एनबीसीची 'ब्रदर्स अँड सिस्टर्स'. तिन्ही आपटल्या. 'को-एड फीवर' तर एकच एपिसोड दाखवून बंद. आमच्याकडे एखादी सीरियल टीआरपी नसताना सुद्धा नायिकेची स्मृती दोनदा जाईपर्यंत चालते, तुम्ही एका रात्रीत गाशा गुंडाळला.

सीरियल आपटल्या पण साचा राहिला ना. त्या साच्याची खरी थट्टा फक्त 'द सिम्पसन्स' ह्या कार्टून सीरियलने केली, १९९३ मध्ये. होमर कॉलेजात जातो आणि त्याला वाटतं इथे सगळं सिनेमातल्यासारखं असणार, डीन म्हणजे दुष्टच असणार, म्हणून तो त्या बिचाऱ्या चांगल्या डीनला शिव्या घालतो. डीन एकदम मनमिळाऊ माणूस, पण होमरला ते पटतच नाही कारण टीव्हीत तसं नसतं. आमची ताई सध्या होमर झालीये. आणि भाचा पण, फक्त दुसऱ्या बाजूने.

आता माझं सांगतो. २००८ मध्ये मी एमएसला गेलो मिडवेस्टात, मोठं सरकारी विद्यापीठ, चारही बाजूला नुसता मका. पहिल्याच महिन्यात आम्ही चौघं फ्रॅट पार्टीला निघालो. मी, एक नागपूरचा, एक सांगलीचा आणि एक हैदराबादी. सगळ्यांनी पायरेटेड सीडीवर अमेरिकन कॉलेज बघितलेलं, त्यामुळे आमची समजूत अशी की संगीत ऐकू येतंय त्या घरात शिरायचं, लाल प्लॅस्टिकचा ग्लास हातात घ्यायचा आणि कुणीतरी आपल्याला मिठी मारणार. नागपूरकराने तर सेंट मारला होता, गाडीत काच खाली करावी लागली.

घर दिसलं. पांढरे खांब, दारावर तीन अक्षरं आणि समोरच्या हिरवळीवर एक सोफा. घरातला सोफा हिरवळीवर का असतो याचं उत्तर मला दोन वर्षांत मिळालं नाही. दारात उंच स्टुलावर एक पोरगा बसलेला, हातात तो माणसं मोजायचा टकटक करणारा काउंटर. आम्हाला बघून म्हणाला, इथे कुणाला ओळखता? आता आली का पंचाईत. नागपूरकर म्हणाला, "माइक." पोरगा म्हणाला, "कुठला माइक?" नागपूरकर जरा विचार करून म्हणाला, "उंच माइक." आमच्या मागून तेवढ्यात सहा मुली आल्या, त्यांना कोण माइक नि कोण कोण काही विचारलं नाही, काउंटर सहा वेळा टकटक आणि आत. आम्ही पिझ्झा खाऊन घरी आलो. सांगलीकर म्हणाला, "आमच्याकडं लग्नात सुदीक एवढं इचारत न्हाईत, मुलाकडचं का मुलीकडचं."

त्या वेळी आम्ही हसण्यावारी नेलं. आपल्या रंगामुळे का, अशीही चर्चा झाली, असेलही थोडं. पण खरं कारण मला नंतर कळलं, त्याला तिथे 'रेशो' म्हणतात, मुली जास्त पाहिजेत आणि अनोळखी मुलं कमी. आणि मुली सगळ्या मुलांच्याच घरी का येतात? मुलींच्या सोरोरिटीचे बंगले तर याहून छान असतात. तर कारण असं की तिथल्या जुन्या मोठ्या सोरोरिटींची जी देशभराची परिषद आहे, तिच्यातल्या संस्थांच्या घरात दारू चालत नाही. नियमच आहे. म्हणजे मुलींना पार्टी करायची तर मुलांच्या घरी जायचं. दारू मुलांची, बेसमेंट मुलांचं, दारावर मुलगा, कुणाला घ्यायचं ते मुलगा ठरवणार, आणि परत जायचं तर आपापलं बघा. हे एवढं एक वाक्य तुमच्या कुठल्याही सीरियलमध्ये कुणी नीट बोलतं का? 'बफी'मध्ये १९९७ ला तुम्ही दाखवलं की फ्रॅटवाले बेसमेंटमध्ये मुलींना सापाच्या राक्षसाला बळी देतात. 'व्हेरॉनिका मार्स'च्या तिसऱ्या सीझनमध्ये कॅम्पसवरच्या बलात्कारांचा संशय एका फ्रॅटवर. राक्षस, खुनी, नराधम सगळे आणलेत. पण राक्षस नसताना सुद्धा ती रचनाच कशी एका बाजूला कललेली आहे ते दाखवायला राक्षस लागत नाही, एक स्टूल पुरतं.

अजून एक गोष्ट. १९८४ मध्ये तुमच्या वॉशिंग्टनने कायदा केला की ज्या राज्यात एकवीसच्या आतल्यांना दारू मिळेल त्या राज्याचा हायवेचा निधी थोडा कापणार. झालं, सगळी राज्यं एकवीसवर आली. आता कॉलेजातली बहुतेक पोरं अठरा ते बावीस. म्हणजे निम्म्याहून जास्त कॅम्पस कायद्याने पिऊच शकत नाही, बारमध्ये आयडी बघतात, विद्यापीठाच्या हॉस्टेलात वॉर्डनसारखा एक सीनियर असतो, मग उरतं काय, खासगी घर. फ्रॅटचं. त्यातून दारू गेली बेसमेंटात आणि बिअरच्या जागी आली कडक, कारण पटकन चढते आणि लपवायला सोपी. तुमचा तो सिनेमा मात्र १९६२ च्या काळातला आणि तुमच्या सीरियल अजून त्याच हवेत, सगळे हिरवळीवर उघड्यावर ढोसतायत आणि कुणालाच कसली भीती नाही. भीती असते हो. खूप भीती असते. मी ती कानाने ऐकलीये.

पैशाची चणचण होती आणि आम्हाला व्हिसावर कॅम्पसमध्येच काम करता येतं, आठवड्याला वीस तास, तर मला काम मिळालं रात्रीच्या राइड सर्व्हिसचं. उशिरा घरी जाणाऱ्या पोरापोरींना विद्यापीठाची व्हॅन सोडते, मी फोन घ्यायचो. नाव, कुठून, कुठे, किती जण, वीस मिनिटं लागतील. बस्स. एका बेसमेंटातल्या खोलीत तीन फोन, एक नकाशा आणि माझी सुपरवायझर, पन्नाशीची गोरी बाई, क्रोशाचं विणकाम करत बसायची.

शुक्रवारी रात्री दीडच्या सुमारास फोन. मुलाचा आवाज, अगदी हळू, जसं काही संडासात दार लावून बोलतोय. म्हणाला एक गाडी पाहिजे, एका मित्राला त्याच्या हॉस्टेलवर सोडायचंय. किती जण? म्हणाला तीन, पण तो एकटा चालणार नाही, आम्ही दोघं धरतो. आमचा नियम असा की जो स्वतःच्या पायाने व्हॅनमध्ये चढू शकत नाही त्याला घ्यायचं नाही, ९११ ला, म्हणजे तिकडच्या इमर्जन्सी नंबरला, सांगायचं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, नाही नाही, तसं काही नाही, झोपलाय फक्त, जरा जास्त झोपलाय. मी म्हटलं हाक मारल्यावर उठतो का? गप्प. मग म्हणाला, "तुम्ही व्हॅन पाठवा ना प्लीज, ॲम्ब्युलन्स दारात आली तर आमचं घर बंद होईल." मी परत ९११ म्हटलं आणि त्याने फोन ठेवला.

सुपरवायझरने क्रोशाची सुई खाली ठेवली, माझ्याकडून पत्ता घेतला आणि स्वतः फोन केला. एवढंच. आम्हाला पुढचं काही कळत नाही, आमच्या रजिस्टरला 'कॉल कट' अशी नोंद.

दुसऱ्या दिवशी रात्री तोच आवाज. "काल बोललेला तो ॲक्सेंटवाला तूच का?" मी म्हटलं हो. म्हणाला, "तो बरा आहे." मी काही बोलायच्या आत म्हणाला, "मी फोन केला होता हे कुणाला सांगू नकोस." आणि ठेवला.

मंडळी, मी गेली पंधरा-सोळा वर्षं ह्या वाक्याचा विचार करतोय. त्याला लाज वाटत होती ती मित्राला एवढं पाजल्याची नाही, फोन केल्याची. हे तुमच्या कुठल्या एपिसोडमध्ये आहे मला दाखवा.

आणि हे असं एकट्यादुकट्याचं नाही. २०१७ च्या फेब्रुवारीत पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेटला काय झालं ते तुम्ही सगळ्यांनी बातम्यांत बघितलंय. टिमथी पियाझा, एकोणीस वर्षांचा, नवीन प्लेजना एकामागून एक दारू पाजायचा कार्यक्रम, तो बेसमेंटच्या जिन्यावरून पडला रात्री अकराच्या आसपास. ९११ ला फोन गेला दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकरा उलटल्यावर. बारा तास. ते घर कागदोपत्री 'ड्राय' होतं, म्हणजे तिथे दारूच नाही, आणि तो चॅप्टर, म्हणजे फ्रॅटची तिथली शाखा, आदर्श म्हणून मिरवला जायचा. आणि घरात सिक्युरिटी कॅमेरे होते, सगळं रेकॉर्ड झालंय. सोफ्यावर टाकला, पाठीला पुस्तकं भरलेली सॅक अडकवली, उताणा होऊन उलटीत गुदमरू नये म्हणून. एक मुलगा म्हणाला ह्याला दवाखान्यात न्यायला पाहिजे, तर त्यालाच ढकलून बाजूला केलं. सॅकचं बघा जरा. म्हणजे उताणा झाला तर मरू शकतो हे त्यांना पाठ होतं, त्यावर युक्ती ठरलेली होती, म्हणजे ही वेळ आधीही आलेली असणार. कळत नव्हतं असं नाही. दार उघडायचं नव्हतं. तो दोन दिवसांनी गेला. त्याच्या नावाने २०१८ मध्ये तिथे हेझिंगविरोधी, म्हणजे नवीन पोरांच्या छळाविरुद्धचा, कायदा झाला, त्याच्या आईवडिलांनी पाठ सोडली नाही म्हणून. आणि २०२४ च्या डिसेंबरमध्ये देशभराचा कायदा झाला, आता कॉलेजांना हेझिंगच्या घटना जाहीर कराव्या लागतात. ताईला मी ते आधी बघायला सांगितलंय, सीरियल नंतर.

हेझिंग म्हणजे आपलं रॅगिंगच की, असं ताई म्हणाली. आहे आणि नाही. आम्हालाही इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलला 'इंट्रो दे' म्हणून रात्री उठवायचे, मान खाली, नजर शर्टाच्या तिसऱ्या बटणावर. महाराष्ट्रात १९९९ मध्ये त्यावर कायदा आला तरी लगेच काही थांबलं नाही. पण आपल्याकडे सीनियर छळतो तो तू ज्युनियर आहेस म्हणून, त्यातून तुला मिळायचं काही नसतं, फार तर नंतर नोट्स. तिकडे पोरगा स्वतःहून हात वर करून जातो, वर त्याचे पैसे भरतो, आणि रोज मनाशी म्हणतो अजून तीन आठवडे. अशा पोराला कोण वाचवणार, त्यालाच वाचायचं नसतं. 'ग्रीक'मधला तो रस्टी, सायन्सचा हुशार साधा पोरगा, तो हेच करतो ना, आणि तुम्ही ते इतकं गोड दाखवलंय की मलाही वाटलं आपण पण जायला पाहिजे होतं. खरं सांगतो, तुमच्या सगळ्यांत कमी खोटी तीच सीरियल. त्यात घराघरांतलं राजकारण आहे, अध्यक्षपदाची भांडणं आहेत, कुणाचा बाप श्रीमंत म्हणून कुणाला किंमत ते आहे. माझं भांडण तिच्याशी सगळ्यात जास्त आहे कारण तिला जमलं असतं.

भाच्याचं म्हणणं वेगळंच. म्हणतो, "मामा, मी तुझ्या त्या सोफावाल्या गोऱ्या फ्रॅटला चाललोच नाहीये, मी देसी फ्रॅट बघतोय." आता अशा फ्रॅट आहेत हे तुम्हाला माहितीये का? १९९४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात बिंगहॅम्टनला एक निघाली, इओटा न्यू डेल्टा, १९९८ मध्ये टेक्ससच्या ऑस्टिनला डेल्टा एप्सिलॉन साय, अशा बऱ्याच. पटेल, रेड्डी, कुलकर्णी सगळे, भांगड्याच्या स्पर्धा, दिवाळीचा कार्यक्रम. ताईला हे ऐकून एकदम बरं वाटलं, आपलीच पोरं आहेत म्हणे. मला तेवढं नाही वाटलं. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या बारूक कॉलेजमधला पहिल्या वर्षाचा मुलगा गेला तो एशियन अमेरिकन पोरांच्याच फ्रॅटमध्ये. पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरात भाड्याचं घर, थंडीत अंगणात डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूची जड सॅक, आणि दुसरे त्याला धडका देऊन पाडणार. ह्या विधीचं नाव 'काचेचं छत', म्हणजे एशियन लोकांना ह्या देशात जे सोसावं लागलं त्याची आठवण म्हणे. तिथेही दवाखाना उशिरा, आधी कपडे बदलले, लक्षणं गूगल केली. पुढे कोर्टाने त्या आख्ख्या संघटनेला दहा वर्षं त्या राज्यात बंदी घातली. आपली पोरं काय नि परकी काय, दार बंदच.

(काळ्या विद्यार्थ्यांच्या फ्रॅटचं तुम्ही त्या मानाने बरं केलंत, तिथे निदान कुणीतरी आतलं माणूस लिहायला बसलं असावं. अल्फा फाय अल्फा १९०६ ची, मार्टिन लूथर किंग तिच्यातले, कमला हॅरिस १९०८ ला हॉवर्डमध्ये सुरू झालेल्या सोरोरिटीतल्या, तिकडे ते आयुष्यभराचं नातं असतं. 'फ्रेश प्रिन्स'चा १९९३ चा तो एपिसोड, त्यातल्या काळ्याच कार्लटनला तू पुरेसा काळा नाहीस म्हणून फ्रॅटवाले नाकारतात, बावीस मिनिटांत काय बोलून गेलात तुम्ही. म्हणजे जमतं तुम्हाला. मनावर घेतलं तर.)

आणि असं नका समजू की मी म्हणतोय सगळं रडकं करा. विनोद भरपूर आहे तिथे, तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय. दर फ्रॅटमध्ये एक 'रिस्क मॅनेजर' असतो. वय वीस. म्हणजे ज्याला स्वतःला बिअर विकत घेता येत नाही तो इतरांच्या दारूची जोखीम सांभाळतो, त्याच्याकडे एक्सेल शीट असते, पाहुण्यांची यादी, मनगटाच्या पट्ट्या, आज 'सोबर मॉनिटर', म्हणजे न पिता लक्ष ठेवणारे, कोण कोण, आणि त्यातला एक हमखास टुन्न. रविवारी सकाळी प्लेज पोरं फरशी पुसतायत, सगळ्या घराला शिळ्या बिअरचा वास, आणि जिन्यात भिंतभर फ्रेममध्ये सगळ्या ब्रदर्सचे टायवाले पासपोर्ट साइझ फोटो, १९५० सालच्या आजोबांपासून. मग मीटिंग, त्यात दोन तास चर्चा कशावर तर चार जणांनी वर्गणी दिली नाही. अगदी आपल्या गणपती मंडळाची मीटिंग हो! खजिनदार वैतागलेला, अध्यक्ष भाषण ठोकतोय, एक जण मागे झोपलेला. हे का नाही दाखवत? आणि इन्शुरन्स? काही झालं की वरची राष्ट्रीय संघटना पहिलं काय म्हणते, तुम्ही आमचे नियम मोडलेत, आता तुमचं तुम्ही बघा, आणि मग वकील पोरांच्या आईबापांच्या घराच्या इन्शुरन्सपर्यंत जातात. हे ताईला सांगितल्यावर ती पहिल्यांदा पूर्ण गप्प झाली. एडिसनच्या घराचे अजून अकरा वर्षं हप्ते आहेत.

तर आता मागणं. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी हे आतून बघितलंय. 'ॲनिमल हाउस' लिहिणाऱ्या तिघांतला एक, क्रिस मिलर, डार्टमथच्या फ्रॅटमधला, आणि 'द सेक्स लाइव्ह्ज ऑफ कॉलेज गर्ल्स'वाली मिंडी कॅलिंग पण डार्टमथचीच. तिने २०२१ मध्ये एक देसी मुलगी, बेला, मेन रोलमध्ये आणली, ताईला ती जाम आवडली (थोडी आगाऊ आहे म्हणाली, पण आवडली). म्हणजे माहिती नाही असं म्हणायची सोय नाही तुम्हाला.

एकच एपिसोड करा. पार्टी संपल्यानंतर सुरू होणारा. रात्री अकरा ते सकाळी पावणेअकरा, एक हॉल, एक सोफा, सोफ्यावर एक पोरगा झोपलेला आणि त्याच्या पाठीला सॅक. बाकी काही नको. येणारेजाणारे. एक जण येतो, वाकून बघतो, फोन काढतो, परत खिशात ठेवतो. एक जण त्याच्या अंगावर पांघरूण घालतो, म्हणजे प्रेम पण आहे, ते पण दाखवा, नाहीतर परत राक्षस होतील. एक जण गूगल करतो. एक जण म्हणतो झोपू दे रे, मी पण असाच पडलो होतो गेल्या वर्षी, बघ मला काय झालं. पहाटे कुणीतरी सोफ्यासमोर बसून पोह्यांसारखं काहीतरी, म्हणजे तुमचे ते कॉर्नफ्लेक्स, दुधात घालून खातो. आणि संडासात दार लावून एक जण हळू आवाजात कुठेतरी फोन करतोय, गाडी मिळेल का म्हणून. त्याचं नाव शेवटपर्यंत सांगू नका. पलीकडून एक ॲक्सेंटवाला आवाज येतो, तो मी फुकटात देतो, डबिंगचे पैसे नकोत.

भाच्याशी माझं काल बोलणं झालं. तो जाणारच आहे, अठरा वर्षांचा झालाय, ताई काय नि मी काय. मी फक्त विचारलं की तुमच्यात दारावर कोण असतं रे? म्हणाला, "मामा, पहिल्या सेमिस्टरला आम्हीच, नवीन लोक. सोबर ड्युटी." मी म्हटलं मग फोन चार्ज करून जा. हो म्हणाला, "हो मामा," त्या आवाजात, ज्या आवाजात मी माझ्या मामाला म्हणायचो.

उत्तर पाठवायचं असेल तर इंग्रजीत पाठवा, चालेल. फक्त जरा साधं लिहा, मी ते ताईला वाचून दाखवणार आहे आणि तिला तुमचं स्लँग कळत नाही. अजूनही ती रशला गर्दीच म्हणते.

कळावे,
ॲक्सेंटवाला मामा, पुणे